महामारीचा काळ, विद्यार्थ्यांचे मन आणि तंबाखू

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला तो असा : कोरोना महामारीच्या काळात विद्यापीठातील विद्यार्थ्यांमध्ये आढळलेले नैराश्य आणि धूम्रपान. आम्ही म्हणजे संस्थेची अभ्यासिका आणि आरोग्य समिती सांभाळणारे काही कार्यकर्ते. आमच्यात कोणी शिक्षक आहे, कोणी दवाखान्यात नोकरी केलेला आहे, कोणी नुकतेच शिक्षण संपविलेले आहे. आम्ही कोणी मानसशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु त्या दोन वर्षांत जी मुले आमच्या दाराशी आली, त्यांचे बोलणे आम्ही ऐकले आहे, आणि त्यानंतर या विषयावर जे वाचावयास मिळाले ते वाचले आहे. तेवढ्या अधिकाराने आज बोलत आहोत.

प्रारंभीच विषयात थोडी दुरुस्ती केली पाहिजे. धूम्रपान म्हटले की डोळ्यांपुढे सिगारेट येते. देशोदेशीच्या विद्यापीठांत या प्रश्नावर जे अभ्यास झाले तेही बहुतेक सिगारेटचेच आहेत. आमच्या नागपुरात मात्र सिगारेट हा या घराण्यातला धाकटा भाऊ आहे. थोरला भाऊ खर्रा. २०१६-१७ साली देशभर झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात असे दिसले की महाराष्ट्रात शंभरापैकी साधारण सत्तावीस प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. नेमका आकडा २६.६ टक्के आहे. त्यांपैकी धूर ओढणारे केवळ ३.८ टक्के, आणि चघळणारे, दातांना लावणारे, गालात ठेवणारे २४.४ टक्के. म्हणजे बिडी-सिगारेटविरुद्ध कितीही घोषणा दिल्या तरी महाराष्ट्रातील तंबाखूचा मोठा हिस्सा हातचा सुटतोच. म्हणून आज आम्ही दोन्हींबद्दल बोलणार आहोत, आणि खर्ऱ्याबद्दल किंचित अधिक.

खर्रा कसा होतो हे येथे कोणास सांगावयास नको. तरी बाहेरगावच्या पाहुण्यांकरिता सांगतो. सुपारीची बारीक कतरण, सुगंधी तंबाखू आणि चुना पन्नीत टाकायचा आणि पानठेल्यावर तो घोटायचा. घोटताना गरम होऊन सगळे एकजीव होते. मग ती पुडी खिशात जाते आणि दिवसभर चार मित्रांत फिरते. चुन्याचे काम केवळ चवीचे नाही. चुन्यामुळे तोंडातील रस क्षारयुक्त होतो, आणि तशा रसातून निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने रक्तात उतरते. सुपारीतही स्वतःचे उत्तेजक द्रव्य आहे. शिवाय सुपारी एकटी, तंबाखूविना खाल्ली तरी कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच दिला आहे. ज्या पोरांचे तोंड तीन बोटेही उघडत नाही ते दंत रुग्णालयाच्या बाकावर बसलेले आपण पाहतो. त्यांत विशी-पंचविशीतले किती असतात हे एकदा जाऊन पाहावे.

यावर कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पुढे सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी आणि खर्राही बंदीत आला. त्यापूर्वी २००३ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे हा गुन्हा ठरविला. इलेक्ट्रॉनिक सिगारेट २०१९ पासून देशभर बंद आहे. कागदावर सगळे आहे. महाविद्यालयाच्या फाटकातून निघून शंभर यार्ड मोजावयास लागा. मोजणी पूर्ण होण्याआधी ठेला लागेल.

आता महामारीकडे वळू.

नागपुरात पहिला कोरोना रुग्ण ११ मार्च २०२० रोजी निघाला. त्याच आठवड्यात महाविद्यालये बंद होऊ लागली. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. आमचे विद्यापीठ नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचे. वसतिगृहात आणि भाड्याच्या खोलीत राहणारी मुले बहुतेक याच जिल्ह्यांतली, तशीच गडचिरोली-चंद्रपूरची. काहींना एस.टी. मिळाली, ती घरी गेली. काहींना मिळाली नाही, ती अडकली. सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा यांसारख्या वस्त्या पत्रे लावून बंद केल्या गेल्या. आमदार निवासात विलगीकरण केंद्र झाले. खोलीत अडकलेला एक विद्यार्थी आम्हाला फोनवर म्हणाला, "सर, जेवणाचं होऊन जाते, कोणी ना कोणी डबा देऊन जाते. पण दिवस संपत नाही." तेव्हा हे वाक्य आम्हाला साधे वाटले होते. आज मागे वळून पाहता नैराश्याचा सगळा इतिहास त्यातच होता असे वाटते.

घरी गेलेल्यांचेही सुख नव्हते. एक खोली, पाच माणसे, एक मोबाईल. त्याच मोबाईलवर धाकट्या बहिणीची शाळा आणि याचे महाविद्यालय. बाप मजुरीला जाणारा, तो घरी बसलेला. बाप घरी बसला की घराचा स्वर बदलतो, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच कळेल. नेट मिळावे म्हणून गावाबाहेरच्या टेकाडावर किंवा पाण्याच्या टाकीवर चढणारी मुले आम्हास ठाऊक आहेत. तेथे चढून वर्गात हजेरी लागायची. शिकणे व्हायचे की नाही, ते विचारू नये.

आणि परीक्षा! परीक्षा होणार की नाही हाच प्रश्न २०२० चा उन्हाळा आणि पावसाळा खाऊन गेला. राज्य शासन म्हणे अंतिम वर्षाच्या परीक्षा नकोत. विद्यापीठ अनुदान आयोग म्हणे सप्टेंबरअखेर घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की परीक्षेविना पदवी नाही, फार तर मुदत वाढवून मागा. तोवर मुलांनी पुस्तके बांधून ठेवली होती, ती पुन्हा सोडली. स्पर्धा परीक्षेवाल्यांची गोष्ट याहून वाईट. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा मूळ ५ एप्रिल २०२० ला व्हावयाची होती. ती पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, सप्टेंबर, ऑक्टोबर करीत १४ मार्च २०२१ वर आली, आणि ११ मार्चला, अवघ्या तीन दिवसांआधी, पुन्हा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. नागपुरात पहिला रुग्ण निघाला त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. पुण्यात, नागपुरात मुले रस्त्यावर उतरली. अखेर परीक्षा २१ मार्चला झाली. तेव्हा नागपुरात १५ ते २१ मार्चची कडक टाळेबंदी चालू होती. म्हणजे परीक्षेपूर्वीचा सबंध आठवडा अभ्यासिकांना कुलूप.

वय वाढते आहे, गावात लोक विचारतात "काय झालं तुझ्या परीक्षेचं", आणि उत्तर आपल्या हातात नाही. मनुष्य कष्टाने तुटत नाही, आपल्या कष्टाचा फळाशी संबंधच उरला नाही असे वाटू लागले म्हणजे तुटतो. आमच्या मुलांवर तर आणखी एक भार असतो. घरातला, बहुधा वस्तीतलाही, पहिला पदवीधर होण्याचा. बाबासाहेबांचे नाव घेऊन शिकणाऱ्या मुलाला आपले अपयश एकट्याचे वाटत नाही, ते समाजाचे वाटते. हा भार अभिमानाचा आहे खरा. परंतु एकट्या खोलीत, रात्री दोन वाजता, तो फार जड होतो, हे वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

त्यानंतर एप्रिल २०२१ आला. त्याबद्दल फार बोलवत नाही. नागपूर जिल्ह्यात काही दिवशी एका दिवसाला सात हजारांवर नवे रुग्ण निघत होते. खाटेसाठी आणि ऑक्सिजनसाठी मुले बापाला गाडीवर मधे बसवून मेडिकल, मेयो आणि खासगी दवाखाने फिरली. या सभागृहात अशी मुले बसली आहेत. त्यांच्यापैकी काहींना बापाचे अखेरचे दर्शनही धड झाले नाही. नातलग नाहीत, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नाही, सांत्वनाला कोणी येणे नाही. दुःख वाटून घेण्याच्या आपल्या ज्या रीती आहेत त्या साऱ्या त्या काळात बंद पडल्या. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की महामारीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण जगभर २५ टक्क्यांनी वाढले, आणि तरुणांना व स्त्रियांना त्याचा फटका अधिक बसला. आकडा वाचून आम्हाला आश्चर्य वाटले नाही.

या सगळ्यात तंबाखू कोठे आली?

गंमत अशी की कागदोपत्री तंबाखू मिळतच नव्हती. १५ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या आदेशात दारू, गुटखा, तंबाखू यांच्या विक्रीस मनाई होती. पानठेले उलथे पडले होते. मे महिन्याच्या अखेरीस राज्याने सार्वजनिक ठिकाणी थुंकणे आणि धूम्रपान यांवर दंड जाहीर केला : पहिल्यांदा हजार रुपये, दुसऱ्यांदा तीन हजार, तिसऱ्यांदा पाच हजार, आणि सोबत सार्वजनिक सेवा. सप्टेंबरमध्ये सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकण्यास बंदी झाली. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही शेवटची बंदी महत्त्वाची होती, कारण विद्यार्थी पाकीट घेत नाही, एक घेतो. पण प्रत्यक्षात काय झाले? खर्रा घराघरांतून मागच्या दाराने विकला गेला, तिप्पट-चौपट भावाने. ज्या घरात तांदूळ उधार येत होता त्या घरातील पोट्ट्याच्या खिशात पुडी होती. ती हाताने घोटलेली, एकाच्या बोटांतून दुसऱ्याच्या बोटांत, तिसऱ्याच्या तोंडात. तोंडाला रुमाल बांधा म्हणून शासन ओरडत असताना आमची पोरे रुमाल खाली करून एकाच पन्नीतून खात होती.

सर्वांचे एकसारखे झाले असे मात्र नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काही मुलांची तंबाखू टाळेबंदीने सुटली. ठेला बंद, सोबती दूर, आईचा डोळा चोवीस तास, पैसा नाही. पंधरा दिवस तळमळले आणि मग त्यांना आठवणही येईना. काहींनी मात्र याच काळात सुरुवात केली, आणि ज्यांची दिवसाला एक होती त्यांची पाच झाली. दोघांत फरक कशाने पडला हे आम्ही पुष्कळ वेळा एकमेकांत बोललो आहोत. आमच्या पाहण्यात आले ते एवढेच की ज्यांना दिवसाला काही काम होते, मग ते शेतात निंदण असो, राशन वाटणे असो वा धाकट्यांना शिकविणे असो, ते पहिल्या गटात अधिक होते. जे खोलीत एकटे होते ते दुसऱ्यात.

एक अफवाही त्या काळात फार चालली. एप्रिल २०२० मध्ये फ्रान्समधील काही संशोधकांनी तर्क मांडला की निकोटिन कदाचित कोरोनापासून बचाव करीत असावे. तर्क होता, सिद्धांत नव्हे. पण लोकांनी दुकानातील निकोटिनच्या पट्ट्या उचलू नयेत म्हणून तेथील सरकारला विक्रीवर मर्यादा घालावी लागली. पुढील महिन्यातच जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की धूम्रपान करणाऱ्यास कोरोना झाला तर तो गंभीर होण्याचा संभव अधिक. पण ती दुसरी बातमी मोबाईलवर तितकी फिरली नाही. आमच्या अभ्यासिकेतील एक चांगला हुशार, विज्ञान शाखेचा विद्यार्थी आम्हाला ती पहिली बातमी दाखवीत होता. शिक्षण घेतल्याने मनुष्य आपल्या व्यसनाच्या बाजूने वकिली करण्यात अधिक तरबेज होतो, दुसरे काय!

आता मुख्य प्रश्न. मन खिन्न असते म्हणून मुलगा तंबाखूकडे जातो, की तंबाखूने मन खिन्न होते? उत्तर आहे, दोन्ही. आणि हे कसे घडते ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण प्रत्येक तंबाखू खाणारा आम्हाला एकच गोष्ट सांगतो : "टेन्शन जाते." तो खोटे बोलत नाही. त्याला तसेच वाटते.

सिगारेटचा झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोचते आणि तेथे बरे वाटविणारी द्रव्ये सोडते. मेंदूला त्याची सवय लागते. पण निकोटिन शरीरात टिकत नाही. साधारण दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. ते उतरू लागले की अस्वस्थता, चिडचिड, उदासी, लक्ष न लागणे सुरू होते. म्हणजे तलफ. पुन्हा झुरका घेतला किंवा पुडी गालात धरली की ते थांबते, आणि मुलाला वाटते, पाहा, तंबाखूने माझे टेन्शन घालविले. वस्तुतः तंबाखूने आधी दिलेली अस्वस्थता तंबाखूने क्षणभर परत घेतली, एवढेच. सावकार सकाळी घर लुटतो आणि संध्याकाळी त्यातलेच दोन रुपये उसने देतो, आणि आपण त्याला दयाळू म्हणतो. दिवसातून आठ-दहा वेळा हा खेळ चालला म्हणजे मनाचा तोल मुळी सावरतच नाही. टाळेबंदीत तर तलफ आणि परिस्थितीचे खरे दुःख यांची इतकी सरमिसळ झाली की कोणते कोणामुळे हे त्या मुलास कळणे अशक्य होते.

याचा पुरावा उलट बाजूने मिळतो. तंबाखू मनाला खरोखर आधार देत असती तर सोडल्यावर मन ढासळावयास हवे होते. ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली २६ अभ्यास एकत्र करून तपासलेला निष्कर्ष प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झाले, वाढले नाही. आणि तो सुधार नैराश्यावरील औषधांनी होणाऱ्या सुधारापेक्षा कमी नव्हता. ज्यांना आधीपासून मनोविकार होता त्यांनाही तोच लाभ झाला. आमच्यातील दवाखान्यात काम केलेल्या सहकाऱ्यांना हे वाचून प्रथम खरे वाटेना, कारण वॉर्डात रुग्णाला बिडी देऊन शांत करण्याची रीत त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

मात्र मधला काळ कठीण असतो, हे लपवून ठेवणे बरे नाही. सोडल्यापासून दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. झोप लागत नाही, भूक वाढते, राग येतो, रडूही येते. दोन ते चार आठवड्यांत हे निवळते. बहुतेक मुले या पहिल्या आठवड्यातच परततात आणि मग म्हणतात, माझ्यात इच्छाशक्ती नाही. इच्छाशक्तीचा हा प्रश्न आमच्या मते फार वाढवून ठेवला आहे. निकोटिनचे च्युइंग गम आहे, गोळ्या आहेत. त्यांतील ब्युप्रोपियॉन नावाची गोळी तर मुळात नैराश्यावरची, आणि तंबाखू सोडविण्यासही उपयोगी. पण ती डॉक्टरांनी द्यावयाची आहे, मित्राने सांगून घ्यावयाची नाही. आणखी एक बाब सांगतो, कारण ती घरच्यांना कोणी सांगत नाही. मनोविकारावरील काही औषधे धुरामुळे शरीरात लवकर जिरतात. बिडी-सिगारेट एकदम सोडली तर त्याच गोळीचा परिणाम वाढू शकतो. म्हणून ज्यांचा उपचार चालू आहे त्यांनी सोडावी जरूर, पण डॉक्टरांच्या कानावर घालून.

नैराश्य म्हणजे काय याबद्दल वस्तीत दोन टोकाचे समज आहेत. एक म्हणतो, पोट्टा आळशी झाला, मोबाईल काढून घ्या. दुसरा म्हणतो, डोके फिरले, पागलखान्यात न्यावे लागेल. दोन्ही चूक. मनुष्याला दुःख होणे हा आजार नव्हे. बाप गेला तर मुलगा रडेलच. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास असणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातही रस न उरणे, आणि सोबत झोप बिघडणे, भूक जाणे, थकवा, एकच पान चारदा वाचूनही न कळणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, जगणे नको वाटणे, ही लक्षणे जमू लागली तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे दिसले की आपल्या देशात वीस माणसांत एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्याचा आजार होतो, आणि नैराश्यासारखे सर्वसामान्य मनोविकार असलेल्या शंभरापैकी ऐंशीहून अधिकांना कोणताच उपचार मिळत नाही. हे महामारीच्या आधीचे आहे.

उपचार न मिळाल्याचा शेवट काय होऊ शकतो तो आकडाही सांगावा लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार देशात २०२० साली १२,५२६ आणि २०२१ साली १३,०८९ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. २०२१ मध्ये सर्वाधिक, १,८३४, आपल्या महाराष्ट्रातले होते. या प्रत्येकामागे कारणे अनेक असतात, एका तंबाखूवर किंवा एका परीक्षेवर बोट ठेवणे अन्यायाचे होईल. आम्ही आकडा सांगतो तो एवढ्यासाठी की कोणी मुलगा "आता काही उपयोग नाही" असे म्हणाला तर त्याला "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नये. त्याच्याजवळ बसावे, सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. आणि पोलिसांची भीती बाळगू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्याकडे आरोपी म्हणून न पाहता तीव्र ताणाखालील माणूस म्हणून पाहावे व त्याची काळजी घ्यावी, असे सांगितले आहे.

मुलींबद्दल कोणी बोलत नाही. त्या ठेल्यावर उभ्या राहात नाहीत म्हणून त्यांना व्यसन नाही असे आपण धरून चालतो. घरात आजी गुडाखू घासते, आई घासते. टाळेबंदीत दिवसभर घरात कोंडलेली, चार घरची भांडी नसली तरी स्वतःच्या घरची सगळी भांडी जिच्या वाट्याला आली अशी मुलगी दात दुखतो म्हणून एकदा लावते, मग तीनदा. तिचा अभ्यास सुटला, लग्नाची बोलणी सुरू झाली, ती उदास आहे हे कोणाच्या गावीही नाही. आमच्याकडे आलेल्यांत मुली थोड्या होत्या. त्यांची अडचण थोडी होती म्हणून नव्हे, त्यांना येऊ दिले नाही म्हणून.

तंबाखूशी आपले नाते केवळ खाणाऱ्याचे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. कामठीचे बाबू हरदास, ज्यांनी आपल्याला "जयभीम" हा अभिवादनाचा शब्द दिला, त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली होती. कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात तेंदूपानावर तंबाखू वळून आमच्या आयाबायांनी घरे चालविली. खुद्द बाबू हरदास १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने गेले, वयाच्या पस्तिशीत. विड्या वळून ज्या आईने मुलाला शाळेत घातले, तिचा नातू महाविद्यालयाच्या फाटकाशी खर्रा घोटून घेतो. हा विचार मनात आला की आम्हाला राग येत नाही, लाज वाटते. पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो. त्यात तंबाखूचे नाव नाही असा वाद एका उपासकाने आमच्याशी घातला होता. नाव नाही हे खरे. बुद्धाच्या काळी तंबाखू या देशात नव्हतीच, ती पोर्तुगीजांनी आणली. मुद्दा चित्त सावध राहण्याचा आहे. पण केवळ शील सांगून तलफ जात नाही. आम्ही ते करून पाहिले आहे. मुलगा वंदनेला बसतो आणि वंदना संपताच मागच्या गल्लीत जातो.

मग उपयोग कशाचा झाला? आमचा अनुभव लहान आहे, पण सांगतो. २०२१ च्या अखेरीस अभ्यासिका पूर्ववत उघडली तेव्हा आम्ही दोन नियम बदलले. पूर्वी पुडी सापडली तर नाव कमी करीत असू. आता नाव कमी करीत नाही. नाव कमी केले की मुलगा पुस्तकापासून तुटतो आणि ठेल्यापाशी पक्का होतो. दुसरे, रोज सायंकाळी अर्धा तास सर्वांनी उठून बाहेर मैदानात फिरावयाचे, मोबाईल आत ठेवून. यात काही मोठी योजना नाही. पण कोण चार दिवस आला नाही हे त्या अर्ध्या तासात कळते, आणि मग कोणीतरी त्याच्या खोलीवर जातो. पाच-सहा मुलांना आम्ही मेडिकलच्या मनोविकार विभागात सोबत घेऊन गेलो. एकाचे वडील म्हणाले, "तुम्ही माझ्या पोराले पागल ठरवून राहिले काय?" त्यांच्याशी तीन बैठका झाल्या. मुलगा आज नोकरीला आहे आणि वडीलच आता दुसऱ्यांना तिकडे पाठवितात. सगळ्यांचे असे गोड झाले नाही. एक मुलगा दोनदा सोडून तिसऱ्यांदा सुरू करून बसला आहे, आणि तो आजही येथे मागच्या रांगेत आहे. तो आला याचा आम्हाला आनंद आहे.

गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून "मुक्तिपथ" हे अभियान चालू आहे. गावाने एकत्र बसून ठरवावयाचे की आमच्या गावात खर्रा आणि दारू विकली जाणार नाही, आणि ज्यांना सोडावयाची आहे त्यांच्यासाठी उपचाराची सोय करावयाची. गावात हे जमते, कारण गावात विकणारा कोण हे सर्वांस ठाऊक असते. शहरात कठीण आहे. तरी आपल्या वस्तीतील ठेलेवाल्याशी बोलणे काही अशक्य नाही. तोही बहुधा आपलाच माणूस असतो, त्याचीही मुले शिकत असतात. दुसरा धंदा उभारण्यास संस्थेच्या पतपेढीने त्याला कर्ज द्यावे अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. ती अजून विचाराधीन आहे.

विद्यार्थी मित्रांस एक हिशेब द्यावासा वाटतो, आवडला तर ठेवा. दिवसाला पन्नास रुपये खर्रा-सिगारेटवर जातात असे धरले तर महिन्याचे दीड हजार होतात आणि वर्षाचे अठरा हजार. एवढ्या पैशात काय होते ते शिष्यवृत्तीच्या हप्त्याची वाट पाहणाऱ्यास आम्ही सांगावे असे नाही.

शेवटी काही सोयींची माहिती. तंबाखू सोडण्यासाठी शासनाचा मोफत दूरध्वनी १८००-११-२३५६ आहे. मन अस्वस्थ असेल तर टेली-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र मिळते आणि मराठीत बोलता येते. मेडिकलमध्ये आणि प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. मनोरुग्णालयात पाऊल ठेवले म्हणजे भरती झाले असे नव्हे, तपासून लोक घरी येतात. एकट्याने जाणे जड वाटत असेल तर अभ्यासिकेत कोणालाही सांगा, सोबत येऊ. नाव वहीत लिहिले जात नाही. हे दोन्ही क्रमांक अभ्यासिकेच्या दाराशी, नळाजवळ आणि वसतिगृहाच्या जिन्यात मोठ्या अक्षरांत लावावेत अशी पदाधिकाऱ्यांस विनंती आहे. नळाजवळ अवश्य लावावेत, कारण पुडी थुंकून तोंड धुण्यास पोरे तेथेच जातात.

आता आपले प्रश्न असतील ते विचारावेत. मागच्या रांगेपासून सुरुवात करू. जयभीम.